केशवरावांना भिंत हवी होती

प्रबुद्ध कुणी न सांगता भांडी घासायला लागला, तेव्हाच संघप्रियाने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

तो नुकताच बहारीनच्या अदलिया भागातून परतला होता. शनिवारी संध्याकाळी तिथल्या एका कॅफेत हॉकी टीममधली तिघं जुनी मंडळी, केशवराव, सुजीत आणि तो, वेलचीच्या कडक करक चहाला जमायची आणि आदल्या दिवशीच्या सामन्याची चिरफाड करायची. घरी आल्यावर प्रबुद्ध एरवी सोफ्यावर आडवा व्हायचा. आज मात्र बाह्या सरसावून तो सिंकपाशी उभा राहिला. कुकर घासला, कढई घासली, आणि धुऊन पालथे घातलेले पेले पुन्हा धुवायला घेतले.

"बोल," संघप्रिया म्हणाली.

"काय बोलू?"

"पेले मघाशीच धुतलेस तू. आता बोल."

प्रबुद्धने नळ बंद केला. कारखान्यात रोज भट्टीशेजारी उभा राहणारा हा माणूस, टीमचा कॅप्टन, आपल्या पाच फुटी बायकोसमोर फडक्याला हात पुसत राहिला.

"केशवरावांचं म्हणणं पडलं की मागे जरा दणकट माणसं हवीत. बचावाला. उंच, वजनदार. सुजीतही तेच म्हणतो."

"आणि तू?"

"मी म्हटलं, विचार करू."

"झाला विचार?"

"झाला," प्रबुद्ध फडक्याकडे बघत म्हणाला. "येत्या शुक्रवारी तुझ्या जागी सागर खेळेल. तुला काढलेलं नाही हं. रोटेशन आहे."

विषय कुठून निघाला ते संघप्रियाला ठाऊक होतंच. कालच त्यांच्या 'सह्याद्री'ने अमवाज आयलंड्सच्या टीमकडून सात-एक असा सडकून मार खाल्ला होता. बाया-बाप्यांच्या मिश्र हॉकीची ही हौशी लीग हिवाळ्यात दर शुक्रवारी व्हायची. टीममध्ये सहा बायका, मैदानावर कमीत कमी चार हव्यात असा नियम. अमवाजचा पुढे खेळणारा एक लाल दाढीवाला होता, दाराच्या चौकटीएवढा रुंद. तो दोनदा संघप्रियाच्या अंगावरून गेला. पहिल्यांदा ती कोलमडली, दुसऱ्यांदा गडगडत गेली, आणि दोन्ही वेळा मान वर करून बघते तो चेंडू जाळ्यात. उजवा गुडघा अजून हुळहुळत होता.

तेव्हा सागरला घेण्यात चूक होती असं तिलाही म्हणता येईना. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"बचाव मी सांभाळते, तर त्या चहाला मला का नाही बोलावलं?"

प्रबुद्धने पुन्हा नळ सोडला.

त्यांची अकरा वर्षांची लेक दीप्ती टेबलाशी गृहपाठ करत होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. "आई, टू बी फेअर," ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "त्या माणसापुढे यू लुक्ड लाइक अ ट्रॅफिक कोन."

संघप्रियाला हसू आवरेना. पण हसून झाल्यावरही मनातला सल काही गेला नाही.

खडकीला वाढलेली ती पोर. तिथे हॉकी पाण्यासारखी. तिच्या आळीत ज्याला त्याला स्टिक धरता यायची. शाळेच्या टीममध्ये बाकीच्या मुली गोल मारायला पुढे पळायच्या. हिला मात्र मागे उभं राहायला आवडायचं, कारण मागून सगळं मैदान दिसतं. कोण दमलंय, कोण रुसलंय, चेंडू आता कुठे जाणार, सगळं. पुढे लग्न झालं, बहारीन आलं, दीप्ती झाली, एका इंजिनिअरिंग ऑफिसात अकाउंट्सची नोकरी लागली. स्टिक कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. तीन हिवाळ्यांपूर्वी प्रबुद्धनेच ती खाली काढून तिच्या हातात दिली होती. आता त्यानेच तिला बाकावर बसवावं!

शुक्रवारी ती बाकावर बसली.

सामना रिफाच्या टीमशी होता. सागर मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षकांतून 'ओहो' असा आवाज आला. कराडकडचा गडी, शीतगृहाची गाडी चालवायचा. सहा फुटांवर उंची, मांड्या ओंडक्यासारख्या. गावाकडे कबड्डीची मैदानं गाजवलेला. हॉकी तो इथे येऊन शिकला. सरावाला नेमाने यायचा, पण सामन्यात उतरायची ही पहिलीच वेळ.

गोलमध्ये केशवराव. साठी जवळ आली तरी पॅड बांधून उभे राहणारे. सागरला पुढ्यात बघून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बाकाकडे बघून हसले. जणू घरापुढे नवं कुंपण घातलं होतं.

सुरुवात झकास झाली. रिफाचे दोन पोरगे सागरला बघूनच वळले. एकाचा चेंडू त्याने काढून घेतला, टाळ्या पडल्या. संघप्रियानेही वाजवल्या. मग एक चपळ मुलगी त्याच्या डावीकडून निसटली. सागरने खांदा आडवा घातला. शिट्टी. पेनल्टी कॉर्नर. गोल.

पुन्हा कुणी आलं, पुन्हा खांदा, पुन्हा शिट्टी. त्यावरही गोल. 'सह्याद्री'चा सुजीत पुढे जीव तोडून खेळत होता, त्याने दोन गोल फेडले. पण मग रिफाचा एक पोरगा सागरला हुलकावणी देऊन पळाला आणि सागरचं कबड्डीचं रक्त उसळलं. स्टिक टाकून त्याने सूर मारला आणि पोराचा घोटा पकडला. चांगला घट्ट. पोरगा आडवा, चेंडू एकीकडे, सागर दुसरीकडे, आणि जमिनीवर पडल्या पडल्या त्याने सवयीने हात वर केला, गडी बाद झाला म्हणून.

पंच अर्शदभाई धावत आले. हैदराबादचे, एरवी मोठे कडक गृहस्थ. पण या वेळी त्यांनाही कार्ड खिशातून काढताना हसू दाबता येईना. "अरे भाई, छोड़ो उसको! ये हॉकी है!"

पिवळं कार्ड मिळालेला सागर मान खाली घालून संघप्रियाशेजारी येऊन बसला. तेवढ्यात तिसरा गोल झाला, मग चौथा. सामना चार-दोन गेला. केशवराव हेल्मेट काढून तणतणत आले.

"चेंडूच दिसेना मला! हा आपला सारखा डोळ्यांपुढे. भिंत मागितली होती रे, पण ती माझ्याच तोंडावर बांधून ठेवलीत."

सगळे हसले. सागर हसला नाही. मंडळी पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "वैनी, मला खरंच समजंना बघा. आमच्यात आलेल्या गड्याला धरायचं असतंय. हितं धरलं की शिट्टी. मग अडवायचं तरी कसं?"

त्या क्षणी संघप्रिया म्हणू शकली असती, बघा, मी नव्हते म्हणून. तसं मनात येऊनही गेलं. पण एवढा थोरला गडी शाळेत मार बसलेल्या पोरासारखा बुटाच्या नाड्या सोडत बसलेला बघून तिला ते बोलवेना. शिवाय तिने अर्धा सामना त्याचे पाय बघितले होते. इतका जड माणूस, पण पाय मांजराचे. वाकून, चवड्यांवर, एका झटक्यात दिशा बदलणारे. एवढं भांडवल असताना त्याला फक्त खांदा वापरू देणं म्हणजे चूक टीमचीच होती.

"सोमवारी ड्युटी कधी सुटते तुझी?" तिने विचारलं.

उम्म अल हस्सम भागात संघप्रियाच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता. माती घट्ट, कडेला दोन-चार गाड्या. सोमवारी संध्याकाळी तिथे दोघं उभी राहिली. दीप्ती चेंडू घेऊन अंगावर यायची.

"चेंडूवर झेपावू नकोस," संघप्रिया सांगू लागली. "त्याच्या वाटेवर उभा राहा. तुला बघून तो वळणारच. कुठे वळायचं ते तू ठरव. त्याला कडेला ने. लाइनीपाशी नेलास की त्याला जागा उरत नाही."

"म्हंजी रेडरला कोपऱ्यात घ्यायचं."

"तेच! फक्त हात लावायचा नाही."

"आन् मग चेंडू कोण काढणार?"

"मागे मी आहे ना."

सागरला हे पटकन उमगलं. दोन संध्याकाळींत तो दीप्तीला बरोबर कोपऱ्यात कोंडू लागला, तिच्या अंगाला बोटही न लावता. दीप्ती वैतागून म्हणाली, "धिस इज लाइक प्लेइंग अगेन्स्ट अ फ्रिज."

तिसऱ्या दिवशी सागर म्हणाला, "वैनी, राग मानू नका, पण तुमी लई ताठ हुब्या ऱ्हाता. म्हणून त्या दाढीवाल्यानं उडिवलं तुमाला."

"मग काय करू? वजन कुठून आणू?"

"वजनाचं न्हाय ओ. गुडघ्यात वाका. अजून. एक पाय मागं रोवा. धक्का छातीवर घेऊ नका, मांडीवर घ्या. आमच्या गावात साठ किलोचा गडी नव्वद किलोवाल्याला दाबून धरतोय, तो काय वजनावर?"

त्याने शाळेची बॅग पोटाशी धरून तिला हळूच धडक दिली. ती मागे गेली. पुन्हा वाकली. पुन्हा गेली. वीसेक धडकांनंतर एकदा ती जागची हलली नाही, आणि सागरच "हां! आता कसं!" म्हणून ओरडला. वरच्या मजल्यावरच्या शरीफुन्निसाबाई गॅलरीत येऊन बराच वेळ हा प्रकार बघत होत्या. शेवटी त्यांनी खाली वाकून विचारलं, "सब ठीक है ना, बेटी? ये आदमी मार तो नहीं रहा?"

त्या शुक्रवारी 'सह्याद्री'ला सामना नव्हता. शनिवारी संध्याकाळी प्रबुद्ध अदलियाला निघाला तेव्हा संघप्रिया चपला घालून दाराशी तयार होती.

"तू पण?"

"मी पण."

कॅफेत केशवराव आणि सुजीत आधीच बसले होते. केशवरावांनी "जय भीम" करून खुर्ची ओढून दिली खरी, पण चेहऱ्यावर जरा अवघडलेपण होतं. संघप्रियाने चहा येऊ दिला, एक घोट घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"केशवराव, तुमचं बरोबर होतं. आपली मागची बाजू हलकी पडते."

केशवराव चक्रावले. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाशी कुणी आधीच सहमत झालं की त्याला हात कुठे ठेवावे कळत नाही.

"तेच तर मी म्हणत होतो," ते म्हणाले. "खेळाला वजन लागतं, पोरी. आपण सगळी काडीपैलवान माणसं."

"लागतं ना. पण नुसतं वजन उभं केलं की पेनल्टी कॉर्नर पडतात. चार गोल खाल्ले आपण. सागर पुढे आणि मी त्याच्या मागे, असं खेळवा. मला मागून दिसतं, मी ओरडून सांगीन. तो वाट अडवेल, मी चेंडू काढीन."

सुजीतने मान हलवली. "आणि अमवाजचा लाल दाढीवाला तुझ्यावर आला तर?"

"येऊ दे."

"मागच्या वेळी आला तेव्हा तुझं काय झालं बघितलंय आम्ही."

"मागच्या वेळी मी ताठ उभी होते."

सगळे प्रबुद्धकडे बघू लागले. तो कपातला चहा ढवळत होता, साखर नव्हती तरी. "मी काय बोलणार? कॅप्टन मी आणि बायको माझी. मी बाजू घेतली असं होईल."

"नको घेऊस बाजू," संघप्रिया म्हणाली. "नुसतं मत दे. मला बाकावर बसवताना होतंच ना तुला मत?"

सुजीत खोकल्याचं निमित्त करून पलीकडे वळला. प्रबुद्धने चमचा खाली ठेवला. मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "मत असं की मी तुला आधी विचारायला हवं होतं. आणि दुसरं असं की दोघं खेळा. अमवाजविरुद्धच करून बघू. सातपेक्षा जास्त गोल तर ते मारत नाहीत."

"यल्ला, खलास," केशवराव म्हणाले. "ठरलं. पण माझ्या डोळ्यांपुढे कुणी येऊ नका म्हणजे झालं."

अमवाजशी परतीचा सामना झाला तेव्हा वारा सुटला होता. मैदानाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गाड्या लावायची जागा. वाऱ्याने तोंडात रेती जात होती. लाल दाढीवाला वॉर्म-अप करताना संघप्रियाला बघून ओळखीचं हसला. माणूस वाईट नव्हता. फक्त फार होता.

पहिल्या काही मिनिटांतच तो आला. सागर आडवा आला. संघप्रिया मागून ओरडली, "डावीकडे! डावीकडे!" सागर डावीकडे गेला, म्हणजे त्याने दाढीवाल्याची डावी बाजू धरली. दाढीवाला दुसरीकडून आरामात आत शिरला. गोल.

"डावीकडं गेलो की!"

"अरे, आपली डावी!"

"कुणाची आपली? त्यो समोरून येतोय!"

थोड्या वेळाने पुन्हा तोच घोळ झाला आणि दोन-शून्य झालं. सुजीत कपाळ धरून उभा राहिला. पाण्यासाठी खेळ थांबला तेव्हा केशवराव काही बोलणार, एवढ्यात संघप्रियाने सागरला हाताला धरून बाजूला नेलं.

"डावं-उजवं विसर. तिकडे काय आहे?"

"समुद्र."

"आणि तिकडे?"

"पार्किंग."

"झालं तर. मी सांगीन त्या बाजूला त्याला न्यायचं."

खेळ सुरू झाला. दाढीवाला आला, आणि मागून संघप्रियाचा खणखणीत आवाज उठला, "पार्किंग! सागर, पार्किंग!" सागर मांजरपावलांनी सरकत गेला, हात पाठीशी बांधल्यासारखे आवरून. दाढीवाला कडेला, आणखी कडेला, आणि लाइनीपाशी त्याचा चेंडू जरा लांब पडला मात्र, संघप्रियाने तो अलगद काढून नुसरतकडे ढकलला. नुसरत म्हणजे 'सह्याद्री'ची उजवीकडून पळणारी नर्सबाई, तिला धरणं कुणाच्या बापाला जमत नसे. तिने थेट गोलपुढच्या डीमध्ये पास दिला आणि सुजीतने गोल केला.

"पार्किंग!" पुन्हा आरोळी. प्रेक्षकांतले एक गोरे आजोबा लगबगीने उठले आणि आपली गाडी बघायला गेले. मागोमाग आणखी एक बाई गेल्या.

"समुद्र! समुद्र!" हे मात्र अमवाजच्या कुणालाच कळेना.

मग ती वेळ आलीच. चेंडू मधल्या भागात उसळला, सागर दुसऱ्या गड्यामागे गेलेला, आणि दाढीवाला एकटा, सुसाट, संघप्रियाच्या दिशेने. तिने गुडघे वाकवले. अजून वाकवले. एक पाय मागे रोवला आणि स्टिक जमिनीला टेकवली. धडक बसली. दात वाजले, श्वास अडकला, पण ती जागची हलली नाही. चेंडू तिच्या स्टिकखाली होता, आणि दाढीवाला तिला ओलांडून चार कोलांट्या खाऊन रेती झटकत बसला होता.

शिट्टी वाजली. अर्शदभाईंनी फाउल दाढीवाल्यावर दिला.

"आर यू ओके?" दाढीवाल्याने बसल्या बसल्या विचारलं.

"यस. यू?" संघप्रिया म्हणाली, आणि तिनेच हात देऊन त्याला उठवलं. बाकावरून दीप्ती आनंदाने किंचाळत होती, आणि चक्क मराठीत, "आई, भारी! आई, लई भारी!"

तिसऱ्या टप्प्यात प्रबुद्धने स्वतः एक गोल ढकलला. दोन-दोन. शेवटच्या मिनिटाला अमवाजला पेनल्टी कॉर्नर मिळाला. दाढीवालाच फटका मारणार होता. सागर गोललाइनीवर, सुटायच्या तयारीत. संघप्रिया त्याच्या कानाशी म्हणाली, "सरळ पळू नकोस. बाहेरून वळून जा. केशवरावांना चेंडू दिसू दे."

चेंडू आत आला. सागर बाहेरून वळून धावला. फटका बसला, सणसणीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. केशवरावांना तो निघाल्यापासून दिसला होता. त्यांनी पाय टाकला, पॅडवर थाड आवाज झाला आणि चेंडू बाहेर गेला. सामना सुटला.

बरोबरीच ती. पण 'सह्याद्री'ने असा जल्लोष केला की करंडक जिंकल्यासारखं वाटावं. केशवराव पॅडसकट नाचले. सागरने गावी आईला, गंगूबाईला, फोन लावला आणि सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, "आये, एकालाबी धरलं न्हाय! न धरता अडिवलं!" तिकडून त्या माउलीला काय कळलं कोण जाणे, पण ती हसल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्या शनिवारी कॅफेत चार खुर्च्या लागल्या. केशवराव ऐसपैस बसून म्हणाले, "एकूण सिद्ध काय झालं? माणूस दणकट असून भागत नाही. डोकं लागतं. बचावाचं आता सगळं संघप्रियाने बघावं. आहे तीच माणसं पुरेत."

"पुरेत कुठे?" संघप्रिया म्हणाली. "सागर दुसऱ्याच्या मागे गेला की मधे भगदाड पडतं. मला अजून एक दणकट माणूस हवाय. उंच, वजनदार."

केशवरावांनी कप खाली ठेवला. सुजीतने प्रबुद्धकडे बघितलं. प्रबुद्ध हात वर करून म्हणाला, "मला बघू नका. मी काहीच ठरवलेलं नाही."

रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात रिसेप्शनवर नवी मुलगी आली होती. अल्फिया, चिपळूणची. संघप्रिया सही करायला थांबली, तशी ती उभी राहिली. उठतच गेली. टेबलामागून खांदे वर आले, भरभक्कम, आणि मग मान, आणि मग हसरा चेहरा, संघप्रियाच्या डोक्याच्या बराच वर.

"गुड मॉर्निंग, मॅडम. काही हवंय का?"

संघप्रिया तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी काय करतेस गं तू?"